लेकराला हगवण लागली तर: घरचं मीठ-साखरेचं पाणी, मापासकट

"काहून पाजून राह्यली बाई त्याले पाणी? जे वरून टाकतेस ते खालून निघून राह्यलं!"

माझ्या सासूबाईंचं हे वाक्य. भिवापूर तालुक्यातलं आमचं गाव, जुलैचा पहिला आठवडा, घरातले सगळे रोवणीला गेलेले, आणि माझा दीड वर्षाचा मुलगा सकाळपासून आठव्यांदा पातळ बसलेला. मी नागपुरात वाढलेली, शिकलेली, पर्समध्ये ओआरएसची (पाण्यात कालवून पाजायच्या क्षार-साखरेची) पुडी घेऊन गावाला गेलेली. त्यामुळे मनात म्हटलं, सासूबाईंना काय कळतंय. आणि पुडी फोडून अख्खी एका पेल्यात ओतली.

ती पुडी एक लिटर पाण्याची होती. पोराने दोन चमचे घेतले, तोंड वाकडं केलं आणि भडाभडा ओकला. याला ओआरएस सोसत नाही, असं मीच ठरवलं आणि थांबले. संध्याकाळी आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, आल्या. त्यांनी आधी पोराकडे पाहिलं, मग पेल्याकडे, मग पुडीवरची अक्षरं मला वाचायला लावली. रागावल्या नाहीत. नव्याने पाणी केलं आणि तासभर मांडी घालून चमच्याचमच्याने पाजत बसल्या.

त्यानंतर दर पावसाळ्यात शेजारणी आमच्याकडे विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. मापं आरोग्य विभागाची आणि जागतिक आरोग्य संघटनेची आहेत, चुका मात्र बहुतेक माझ्या किंवा आमच्या गल्लीतल्या.

१. हे पाणी जुलाब थांबवत नाही

सगळा घोळ इथेच होतो. बाया पाणी करतात, चार चमचे पाजतात, तासाभराने पोर पुन्हा पातळ बसतं आणि "काही फरक नाही पडला" म्हणून पेला बाजूला जातो. फरक जुलाबात शोधायचाच नसतो. हगवण बहुतेक वेळा काही दिवसांत आपली आपण ओसरते. तोवर अंगातून जे पाणी आणि मीठ जातं ते भरून काढत राहायचं, एवढंच हे पाणी करतं. हगवणीत लेकरू दगावतं ते अंग कोरडं पडल्यामुळे.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर असं: वरून टाकलेलं सगळं खालून निघत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरात एक वाट असते, जिथून साखर आणि मिठातलं सोडियम जोडीनेच आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. हगवणीतही ही वाट बहुधा उघडी राहते. नुसतं पाणी पाजलं तर ती नीट चालत नाही, नुसतं मीठ किंवा नुसती साखर घातली तरी नाही. साखर फार झाली तर ती उलट अंगातलं पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. मीठ फार झालं तर रक्तातलं सोडियम चढून झटके येऊ शकतात. म्हणून या एका पाककृतीत "अंदाजाने टाक" चालत नाही.

१९७१ साली बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमध्ये बनगावला आले आणि छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून त्याचं पाणी पिंपांत भरून ठेवलं. पाजायचं काम बरंचसं रुग्णांच्या नातलगांनीच केलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. ही गोष्ट मी सासूबाईंना सांगितली तेव्हा पद्मविभूषणाचं त्यांना काही वाटलं नाही. "नातलगांनीच पाजलं म्हणतेस?" एवढंच त्यांनी दोनदा विचारलं.

२. घरात हे तयार ठेवा

मृग लागायच्या आत एका डब्यात भरून ठेवा:

- ओआरएसच्या किमान दोन पुड्या. आशाताईंकडे, अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात फुकट मिळतात.
- झिंकच्या गोळ्या. त्याही तिथेच. किती द्यायच्या ते शेवटी लिहिलं आहे.
- एक लिटरची रिकामी, स्वच्छ बाटली. पिण्याच्या पाण्याची विकत मिळते तीच. घरातले पेले, तांबे, गडवे यांवर भरवसा नको. आमच्या घरी "एक पेला" म्हणजे १५० मिलीपासून ३०० मिलीपर्यंत काहीही निघतं, मी मोजून पाहिलं आहे.
- ५ मिलीचं माप. मुलांच्या औषधाच्या बाटलीवर जी प्लास्टिकची टोपी येते तिच्यावर २.५ आणि ५ च्या रेषा असतात. ती फेकू नका. चहाचा चमचा म्हणून प्रत्येक घरी वेगळाच चमचा निघतो. पोह्यांचा चमचा तर दुपटीच्या आसपास भरतो.
- साखर, आणि पिशवीतलं बारीक आयोडीनयुक्त मीठ. खडे मीठ असेल तर आधी बारीक करा. खड्यांमध्ये पोकळी राहते आणि माप चुकतं.
- माता व बाल संरक्षण कार्ड. दवाखान्यात जायची वेळ आली तर शोधाशोध नको.

३. पाणी करायच्या आधी लेकराकडे बघा

दोन मिनिटं लागतात. डोळे खोल गेलेत का? रडताना अश्रू येतात का? तोंड, जीभ कोरडी आहे का? शेवटची लघवी कधी झाली? तान्ह्याची टाळू दबलेली दिसते का?

मग पोटावर, बेंबी आणि कुशीच्या मधोमध, कातडी दोन बोटांत उभी धरून सोडा. चटकन सपाट झाली तर ठीक. हळू गेली तर पाणी कमी पडलं आहे. दोन सेकंदांहून जास्त वेळ उभीच राहिली तर पुढचं वाचत बसू नका, थेट आठवा मुद्दा बघा. लेकरू फार वाळलेलं, कुपोषित असेल तर ही चिमट्याची खूण फसवते. तशा लेकराला घरी ठेवूच नका. त्याचं पाण्याचं गणितही वेगळं असतं.

टाळू बसली म्हणून ती "उचलून" देणाऱ्याकडे नेतात. टाळू वरून उचलता येत नाही. अंगातलं पाणी कमी झालं म्हणून ती खाली जाते आणि पाणी भरलं की आपोआप वर येते. "बेंबी सरकली", "दात येऊन राह्यले", "नजर लागली" यांवरून मी वाद घालत नाही. मीठ-मिरची ओवाळायची तर ओवाळा, दुसऱ्या हाताने चमचा चालू ठेवा. फक्त पोटावर बिब्बा लावू देऊ नका, चटके देऊ देऊ नका. त्याने कातडी भाजते, बाकी काही होत नाही.

४. पाणी असं करा

पुडी घरात असेल तर पुडीच वापरा. मीठ-साखरेच्या पाण्यात पोटॅशियम नसतं, सायट्रेट नसतं. पुडीत दोन्ही असतं. घरचं पाणी पुडी हाती येईपर्यंतचं. पण ती येईपर्यंत वाट बघत बसणं ही सगळ्यात वाईट चूक, कारण रात्री अकराला, पावसात, चिखलातून पुडी आणायला कोण जाणार?

घरचं पाणी:

- हात साबणाने धुवा. बाटली, चमचा, टोपी धुवा.
- पाणी खळखळ उकळून गार होऊ द्या, मग बाटलीत एक लिटर भरा. सरपण ओलं आहे, गॅस संपला आहे, तर आशाताईंनी दिलेलं मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) बाटलीवर लिहिलं आहे तेवढं टाकून अर्धा तास थांबा. तेही नसेल तर घरातलं सर्वांत स्वच्छ पाणी घ्या, पण थांबू नका.
- साखर: ५ च्या रेषेपर्यंत सपाट, सहा वेळा.
- मीठ: २.५ च्या रेषेपर्यंत सपाट, एकदाच. म्हणजे अर्धा चहाचा चमचा.
- साखर-मीठ पूर्ण विरघळेपर्यंत हलवा.
- स्वतः चाखा. अश्रूंइतकं किंवा त्याहून कमी खारट लागलं पाहिजे. जास्त खारट लागलं तर ओतून द्या आणि नव्याने करा. वरून पाणी घालून सुधारायला जाऊ नका, कारण मग किती काय पडलं ते कुणालाच सांगता येत नाही.

एक लिटर फार वाटलं तर अर्धा लिटर करा: साखर तीन चमचे, मीठ पाव चमचा. भिंतीवरच्या पोस्टरांवर "एका पेल्याला चमचाभर साखर आणि चिमूटभर मीठ" असं असतं आणि ते चूक नाही. पण चिमूट कोणाची? माझ्या चिमटीत आणि मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, चिमटीत निम्म्याचा फरक पडतो. त्यांनी आयुष्यभर बैलांना मीठ घातलं आहे, त्यांच्या हाताला ते माप बसलेलं.

पुडी असेल तर तिच्यावरचा आकडा वाचा. मोठी २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटरची, छोटी चार ग्रॅमच्या आसपासची २०० मिलीची. मोठी पुडी एकाच वेळी पूर्ण वापरा. "थोडी आता, थोडी मग" केलं तर क्षारांचं प्रमाण बिघडतं. वर साखर नको, लिंबू नको, सोडा नको, दूध तर नकोच. मिसळल्यावर उकळायचंही नाही.

झाकून ठेवा. पुडीचं पाणी २४ तासांत संपवा, उरलेलं ओता. घरचं पाणी मी सकाळचं संध्याकाळनंतर ठेवत नाही, आमच्याकडचा उकाडा पाहता.

पुडी नाही, साखर नाही, अशी वेळ आली तर मीठ घातलेली तांदळाची पेज, पातळ ताक किंवा वरणाचं पाणी द्या. लिटरला साधारण ३ ग्रॅम मीठ, म्हणजे तोच अर्धा चमचा. धानाच्या पट्ट्यात पेज कुठल्याही घरात निघते. आजीबाईही तिला नाही म्हणत नाहीत, ही तिची मोठी सोय.

५. पाजायचं कसं

करण्यापेक्षा पाजणं अवघड आहे. खरं सांगायचं तर पहिल्या तासात माझा धीर दोनदा सुटला होता.

प्रत्येक पातळ शीनंतर, दोन महिने ते दोन वर्षांच्या लेकराला पाव ते अर्धा पेला (५० ते १०० मिली), दोन ते पाच वर्षांच्या लेकराला अर्धा ते एक पेला (१०० ते २०० मिली). त्याहून मोठं पोर मागेल तेवढं पिऊ द्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला प्रत्येक शीनंतर पाच चमचे, अंगावरचं दूध चालू, आणि लगेच दवाखान्यात. इतक्या लहान बाळाला घरी सांभाळू नका.

लहानग्याला एक-दोन मिनिटांनी एक चमचा. बाटलीने नको, बाटलीची बोंडी नीट धुतली जात नाही. मोठ्या पोराला वाटीने घोट-घोट. तहानलेलं लेकरू पेला हिसकावून गटागटा प्यायला बघतं आणि लगेच ओकतं. तेव्हा पेला आपल्याच हातात ठेवा.

ओकलं तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, आधीपेक्षा हळू, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. एकदा ओकलं म्हणजे सोसत नाही असं नाही. मी तिथेच चुकले होते. झोपलं असेल तर आडवं असताना तोंडात ओतू नका. उठवून, डोकं वर धरून पाजा.

आता रोवणीच्या दिवसांचा प्रश्न. आई सकाळी सातला बांधावर, लेकरू आजीजवळ नाहीतर आठ वर्षांच्या बहिणीजवळ. "प्रत्येक शीनंतर अर्धा पेला" हे कुणाच्या लक्षात राहणार? आमच्या शेजारणीने काढलेली युक्ती मला आवडली. सकाळी बाटली भरून ठेवायची, एका पेल्यावर नेलपॉलिशने अर्ध्याची (१०० मिलीची) रेघ मारायची आणि ओट्यावर चिंचोके ठेवायचे. शी झाली की एक चिंचोका वाटीत, पेला पाजून झाला की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. दुपारी आई जेवायला आली की दोन वाट्या बघते. दोन्हींत सारखे असतील तर ठीक. शीच्या वाटीत जास्त असतील तर आजीशी बोलायचं, आवाज न चढवता. बहीण आठ वर्षांची असेल तर तिला बोलायचंही नाही, त्या दिवशी कुणीतरी मोठ्याने घरी थांबायचं.

६. दूध आणि जेवण थांबवू नका

"पोटाला आराम" म्हणून लेकराला उपाशी ठेवतात. हगवणीत उपाशी राहिलेलं लेकरू अशक्त होतं आणि पुढची हगवण त्याला लवकर गाठते. अंगावरचं दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा द्या. सहा महिन्यांवरच्या लेकराला मऊ वरण-भात, मुगाची खिचडी वर चमचाभर तेल घालून, दहीभात, कुस्करलेलं केळ. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. केळात पोटॅशियम असतं, म्हणजे घरच्या पाण्यात जे नाही त्याची थोडी भर पडते. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं.

७. हे देऊ नका

ग्लुकोज पावडर. उन्हाळ्यात विदर्भातल्या प्रत्येक घरात तिचा डबा असतो आणि "ग्लुकोज म्हणजे सलाइनच" असं कुणीतरी ठासून सांगतं. तसं नाही, ती जवळपास साखरच आहे. थंड पेय, रंगीत सरबत, खूप गोड चहा, डब्यातला फळांचा रस, यांचंही तेच. संत्र्याचा रससुद्धा नको. नागपूरकरांना हे ऐकवत नाही, पण तो बरं झाल्यावर द्या.

औषधाच्या दुकानात कागदी खोक्यांतली गोड पेयं नावात "ओआरएस" लावून विकली जायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. तरीही विकत घेताना पुडीच मागा आणि तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचा.

जुलाब बंद करायची गोळी लहान मुलांना देऊ नका. तिने आतड्याची हालचालच मंदावते, घाण आत साठते आणि वरवर बरं वाटतं. उरलेलं अँटिबायोटिक, शेजारच्या पोराला दिलेलं सिरप, तेही नको. अँटिबायोटिक रक्ती हगवण किंवा कॉलऱ्यासारख्या ठरावीक आजारांतच लागतं आणि ते डॉक्टर ठरवतात.

८. कधी उठून निघायचं

यातलं एक जरी दिसलं तरी:

- लेकरू सुस्त पडलं आहे, हाक मारल्यावर नीट बघत नाही, किंवा झटके आले
- पाणी पीतच नाही, किंवा दिलेलं सगळं ओकतं
- शीत रक्त
- चिमटा हळू सपाट होतो, डोळे खोल गेलेत
- सहा-आठ तास लघवी नाही
- तांदळाच्या धुवणासारखी पांढुरकी, भरपूर शी पुन्हा पुन्हा
- ताप चढतो आहे
- हगवण १४ दिवसांवर गेली

गाडीसाठी १०८. नुसता सल्ला हवा असेल तर १०४. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, आणि फारच झालं तर नागपूरला मेडिकल, मेयो किंवा डागा ही सरकारी रुग्णालयं. सोबत संरक्षण कार्ड, आधार, रेशनकार्ड, एक कपडा-दुपट्यांची पिशवी आणि चिंचोक्यांच्या दोन्ही वाट्यांचा आकडा. डॉक्टर पहिल्यांदा तोच विचारतात. आरोग्य विभागाच्या केंद्रांत आणि रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. पैशासाठी सकाळची वाट बघू नका.

आणि वाटेतही चमचा चालू ठेवा, लेकरू शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर. एका शेजारणीने दवाखान्यात जायचं म्हणून पाजणं थांबवलं, गाडी यायला तास लागला, पुढे रांगेत तास गेला. पोचेपर्यंत पोराचे डोळे आणखी खोल गेले होते. तिथे एका माणसाने तिलाच फटकारलं, "पाणी का नाही पाजलं?" तिला आधी कुणी सांगितलं होतं?

९. झिंक, आणि पुढचे चौदा दिवस

झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज अर्धी, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत रोज एक, एकूण १४ दिवस. चमच्यात अंगावरचं दूध किंवा उकळलेलं पाणी घेऊन विरघळवा. तिने हगवण लवकर आटोपते आणि पुढचे दोन-तीन महिने परत लागायची शक्यता कमी होते. रोटाव्हायरसची लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असते. ती झाली आहे का ते कार्डावर याच वेळी बघून घ्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शी घट्ट होते, पोर अंगणात धावायला लागतं आणि झिंकची पट्टी देव्हाऱ्याच्या बाजूला पडून राहते. आमच्याकडे सासूबाईंनी कालनिर्णयावर पेन्सिलीने चौदा चौकोन आखून घेतले होते. गोळी दिली की त्या स्वतः फुली मारायच्या. अकराव्या दिवशी मी विसरले तर मला शेतावर फोन आला: "बाई, आजची फुली बाकी हाय."